घर फिरतं की मी?

चक्कर येते म्हणून आलेल्या रुग्णाला मी सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतो. घर फिरतं, की तुम्ही फिरता? बरेच जण हसतात, काही जण गोंधळतात. मध्यंतरी आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आलेल्या एका आजींनी मात्र हा प्रश्न मनावर घेतला. डोळे मिटून त्यांनी जरा वेळ विचार केला आणि सांगितलं की, डोळे उघडे असले की घर फिरतं, मिटले की मीच फिरते. आता यातलं खरं कोणतं ते डॉक्टरसाहेबांनीच ठरवावं.

आजींचं निदान अवघड नव्हतं, ते पुढे सांगतो. पण त्यांनी जे सांगितलं, तेच दीडशे वर्षांपूर्वी प्रागमधल्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी स्वतःला खुर्चीत बसवून, गरगर फिरवून घेऊन नोंदवून ठेवलं होतं. त्यांचं नाव एर्न्स्ट माख. लढाऊ विमानांच्या बातम्यांत आपण मॅक वन, मॅक टू असं वाचतो, तेच हे. जर्मन उच्चार माख. वेगाच्या त्या आकड्याला त्यांचं नाव मिळालं १९२९ मध्ये, म्हणजे ते जाऊन तेरा वर्षं झाल्यावर. विमानांशी त्यांचा तसा काहीच संबंध नव्हता. त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न आजींचाच होता. एखादी वस्तू हलते असं आपण म्हणतो तेव्हा ती नेमकी कशाच्या तुलनेत हलते, आणि ते आपल्याला कळतं कसं?

माख यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८३८ चा. मोराव्हियातल्या ब्रनो शहराजवळचं एक खेडं, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, आज चेक प्रजासत्ताकात. वडील शिक्षक. पुढे त्यांनी व्हिएन्नाजवळ शेती घेतली आणि कुटुंब तिकडे गेलं. नऊ वर्षांच्या एर्न्स्टला धर्मगुरूंच्या शाळेत घातलं, तर मास्तरांनी या मुलाला डोकं नाही असा शेरा दिला. वडिलांनी त्याला घरी आणलं. सकाळी लॅटिन, गणित, इतिहास घरीच शिकवायचं आणि उरलेल्या वेळात शेतात काम. ऑस्ट्रियातलं दडपशाहीचं वातावरण त्या वयातही मुलाला इतकं नकोसं झालं होतं की, अमेरिकेला निघून जाण्याचा त्याचा बेत होता. तिथे पोटापाण्याला काही हवं म्हणून त्याने एका सुताराकडे दोन वर्षं उमेदवारी केली. अमेरिका राहिली ती राहिलीच. सुतारकाम मात्र वाया गेलं नसावं. पुढे त्यांनी जी उपकरणं उभी केली, त्यांत लाकडी चौकटी पुष्कळ आहेत.

पंधराव्या वर्षी पुन्हा शाळा, मग व्हिएन्ना विद्यापीठ, १८६० मध्ये डॉक्टरेट. त्याच सुमारास व्हिएन्नात डॉप्लर यांच्या सिद्धांतावरून वाद पेटला होता. गाडी शिट्टी वाजवत जवळ येते तेव्हा आवाज वरच्या पट्टीतला वाटतो, लांब जाताना खालच्या, हे आज शाळेतली मुलंही सांगतात. तेव्हा एक नामांकित गणितज्ञ हे अशक्य आहे असं सांगत होते. विशीतल्या माख यांनी एक लांब नळी आसाभोवती फिरती ठेवली, तिच्या टोकाला शिट्टी बसवली आणि ती वाजवत नळी फिरवली. फिरण्याच्या पातळीत उभं राहिलं की आवाज चढतो-उतरतो. आसाच्या रेषेत उभं राहिलं की शिट्टी एकाच सुरात वाजत राहते. शिट्टी तीच, वेगही तोच, फक्त ऐकणाऱ्याची जागा वेगळी. माख यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बीज मला या साध्या प्रयोगात दिसतं.

नोकरी पक्की नव्हती, पैसे नव्हते. पोटासाठी ते वैद्यकीय विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवत होते. त्यांच्यासाठी त्यांनी १८६३ मध्ये एक पाठ्यपुस्तकही लिहिलं. आमच्याकडे बारावीनंतर भौतिकशास्त्राचं पुस्तक रद्दीत जातं आणि मग आयुष्यभर आम्ही रक्तदाब मोजत बसतो, तेव्हा असे शिक्षक मिळालेल्या त्या विद्यार्थ्यांचा मला हेवा वाटतो. महागडी उपकरणं घेण्याची ऐपत नसल्यामुळे माख माणसाच्या डोळ्याकानांकडे वळले. ही उपकरणं फुकट मिळतात आणि प्रत्येकाकडे असतात. निधी नाही म्हणून संशोधन होत नाही, अशी तक्रार मीही अनेकदा केली आहे. ती करताना हा माणूस आठवला की जरा अडखळायला होतं.

१८६४ मध्ये ते ग्राझ शहरात प्राध्यापक झाले. तिथे त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. उजेड आणि सावली यांच्यामध्ये हळूहळू बदलत जाणारा पट्टा असेल, तर त्याच्या कडेला आपल्याला एक जास्त उजळ आणि एक जास्त काळी रेघ दिसते. प्रत्यक्षात तिथे रेघ नसते. डोळ्याचा पडदा शेजारशेजारच्या ठिपक्यांची तुलना करतो आणि फरक वाढवून दाखवतो. या रेघांना आज माख पट्टे म्हणतात. आम्हा डॉक्टरांचा त्यांच्याशी रोजचा संबंध येतो. एक्स-रेवर दोन हाडांच्या कडा एकमेकींवर आल्या की तिथे काळी रेघ दिसते आणि शिकाऊ डॉक्टर फ्रॅक्चर म्हणून धावत येतो. अशा वेळी शेजारची एक कड हाताने झाकून बघायची. रेघ नाहीशी झाली, तर हाड शाबूत आहे.

१८६७ मध्ये ते लग्न करून प्रागला गेले आणि तिथे अठ्ठावीस वर्षं राहिले. आपल्या विषयाची खरी गोष्ट इथली. तिची सुरुवात एका रेल्वेप्रवासात झाली.

गाडी वळणावर होती. खिडकीतून बघताना माख यांना घरं, झाडं, कारखान्यांची धुराडी तिरपी दिसली. आपल्यापैकी पुष्कळांनी हे पाहिलेलं असतं आणि पाहून सोडून दिलेलं असतं. वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवलेला असतो, त्यामुळे डबा कलतो. पण आत बसलेल्याला कलल्यासारखं वाटत नाही. गुरुत्वाकर्षण खाली ओढतं, वळणाचा जोर बाहेर ढकलतो, आणि या दोन्हींची बेरीज शरीर ‘खाली’ म्हणून धरतं. डबा सरळ आणि जग वाकडं! माख यांच्या मनात आलं की, ज्याअर्थी उभी रेष कोणती याबद्दल शरीराची अशी फसगत होऊ शकते, त्याअर्थी ती रेष जाणणारं काहीतरी शरीरात असलं पाहिजे. ते कुठे आहे?

शोधण्यासाठी त्यांनी एक मोठी लाकडी चौकट उभी केली, उभ्या आसाभोवती फिरणारी. तिच्यात खुर्ची. खुर्चीभोवती कागदाचं खोकं, म्हणजे आत बसलेल्याला बाहेरचं काही दिसू नये. आत बसायचे अनेकदा ते स्वतःच. चौकट फिरू लागली की आपण फिरतोय हे लगेच कळायचं, कोणत्या बाजूला तेही. पण वेग कायम ठेवला की जाणीव हळूहळू ओसरायची. थोड्या वेळाने आतल्या माणसाला वाटायचं की, आपण थांबलो. प्रत्यक्षात तो गरगरतच असायचा. मग चौकट खरोखर थांबवली की त्याला वाटायचं, आता आपण उलटे फिरू लागलो. डोळे उघडले तर भोवतालचं सगळं त्याच्यासकट फिरताना दिसायचं.

यातून निघालेला निष्कर्ष एका ओळीचा आहे आणि माझ्या मते शरीरशास्त्रातल्या फार सुंदर निष्कर्षांपैकी एक आहे. शरीराला वेग कळत नाही, फक्त वेगातला बदल कळतो. विमान ताशी आठशे किलोमीटरने जात असताना आपण चहा पितो आणि ते धावपट्टीवर ब्रेक लावतं तेव्हा सीटचे हात घट्ट धरतो, त्याचं कारण हेच.

बदल टिपणारा अवयव कोणता, हेही माख यांनी ताडलं. कानाच्या आत खोलवर, ऐकण्याच्या शंखाला लागून, तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. एकमेकींना साधारण काटकोनात, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात तशा. त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. फ्रान्सच्या फ्लुरां यांनी १८२० च्या दशकातच कबुतरांच्या या नळ्या कापून पाहिल्या होत्या आणि पक्षी भेलकांडत फिरतात हे दाखवलं होतं, पण अर्थ नीट लागला नव्हता. तो १८७३-७४ च्या हिवाळ्यात तीन ठिकाणी, तीन माणसांना, एकमेकांना न विचारता लागला. प्रागमध्ये माख, व्हिएन्नात योझेफ ब्रॉयर, एडिनबरोत क्रम ब्राउन. डोकं वळलं की नळीची भिंत वळते, आतला द्रव जडत्वामुळे मागे राहतो, आणि नळीतले केसाळ पेशींचे गुच्छ वाकतात. फिरणं चालू राहिलं की द्रवही भिंतीबरोबर फिरू लागतो, केस सरळ होतात, जाणीव संपते. थांबलं की द्रव पुढे धावतो, केस उलट वाकतात. द्रव खरोखर वाहतो की नुसता दाब देतो, यावर माख आणि ब्रॉयर यांचं एकमत नव्हतं. तो तपशील सोडून देऊ. ब्रॉयर हे प्राध्यापक नव्हते, व्हिएन्नात प्रॅक्टिस करणारे डॉक्टर होते आणि रुग्ण पाहून उरलेल्या वेळात हे प्रयोग करत होते, हे मात्र मला आवर्जून सांगावंसं वाटतं. पुढे फ्रॉइड यांच्याबरोबर उन्मादावर पुस्तक लिहिणारे ब्रॉयर ते हेच.

आता आजींकडे येतो. याच नळ्यांच्या शेजारी एका पिशवीत चुन्याचे अतिसूक्ष्म खडे असतात. सरळ रेषेतली हालचाल आणि डोक्याचा कल ते सांगतात. वयाने किंवा डोक्याला मार लागल्याने त्यांतले काही सुटतात आणि नळीत घरंगळतात. मग कूस बदलली, वर माळ्याकडे पाहिलं की खडे सरकतात, द्रव ढवळतात, आणि नळी मेंदूला कळवते की डोकं फिरतंय. डोळे सांगतात, छे, काही फिरत नाही. मेंदू कोणाचं ऐकणार? डोळे उघडे असले तर तो घरालाच फिरवतो. आजींना खाटेवर बसवलं, मान एका बाजूला वळवून झटकन आडवं केलं, तेव्हा त्यांची बुबुळं ठरलेल्या पद्धतीने गोल फिरू लागली. मग ठरावीक क्रमाने डोकं वळवून खडे होते त्या जागी परत घालवले. पाच-सात मिनिटांचं काम. औषधाची गोळी नाही म्हणून आजी जरा नाराजच झाल्या.

डोळ्यांचीही परीक्षा माख यांनी घेतली. पुलावर उभं राहून खालच्या वाहत्या पाण्याकडे पाहत राहिलं, तर आधी पाणी वाहताना दिसतं. बराच वेळ टक लावली की अचानक उलटापालट होते. पाणी थांबतं आणि पूल, त्यावर उभे असलेल्या आपल्यासकट, उलट्या दिशेने चालू लागतो. प्रयोगशाळेत त्यांनी नक्षीचं मेणकापड दोन रुळांवरून सरकवत ठेवून हाच अनुभव हुकमी घडवून आणला. फलाटावर आपली गाडी उभी असते, शेजारची सुटते आणि क्षणभर वाटतं की आपलीच निघाली, तो हाच प्रकार. समोरचं दृश्य बहुतांश सरकत असेल, तर मेंदू त्यालाच स्थिर मानतो आणि हलण्याचं खापर स्वतःवर फोडतो. घाटात मोबाइलवर डोळे लावून बसलेल्या मुलाला उलटी होते, कारण त्याचे डोळे स्थिर पडद्याची साक्ष देत असतात आणि कान वळणांची. त्याला पुढच्या सीटवर बसवून लांबचा रस्ता बघायला लावलं, तर दोन्ही साक्षी जुळतात.

खुर्चीवरच्या निरीक्षणांत एक वाक्य असं आहे की मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. मथितार्थ असा: फिरून थांबल्यावर सगळी खोली फिरताना दिसते तेव्हा वाटतं की, दिसणाऱ्या अवकाशाच्या मागे आणखी एक न दिसणारा, स्थिर अवकाश आहे आणि खोली त्याच्या तुलनेत फिरते आहे. आता हा मागचा स्थिर अवकाश खरा, की आपल्या कानाची करामत?

इथून माख न्यूटन यांच्या दारात उभे राहिले. न्यूटन यांनी १६८७ च्या ग्रंथात एक बादली दोरीला टांगली होती. दोरीला पीळ देऊन सोडलं की बादली फिरते. पाणी आधी तसंच सपाट राहतं, मग बादलीबरोबर फिरू लागतं आणि कडेला चढतं. ज्या क्षणी पाणी आणि बादली बरोबरीने फिरतात, म्हणजे एकमेकांच्या तुलनेत स्थिर असतात, त्याच वेळी पाणी सर्वांत जास्त चढलेलं असतं. तेव्हा पाणी बादलीच्या तुलनेत नव्हे, तर निरपेक्ष अवकाशाच्या तुलनेत फिरतं, असा न्यूटन यांचा निवाडा होता. दोनशे वर्षं तो बहुतेकांनी मान्य केला.

माख यांनी १८८३ च्या यंत्रशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात तो नाकारला. निरपेक्ष अवकाश कोणी पाहिलाय, कोणी मोजलाय? बादलीच्या बाहेर पृथ्वी आहे, दूरवर तारे आहेत. पाणी त्यांच्या तुलनेत फिरतं, एवढंच आपण म्हणू शकतो. बादलीची भिंत कित्येक मैल जाड केली तर काय होईल, हे कोणीही सांगू शकणार नाही, असं त्यांनी बजावलं. मला यात एक गंमत दिसते. कागदी खोक्यात डोळे झाकून बसलेले माख हे स्वतःच न्यूटनच्या बादलीतलं पाणी झाले होते. बाहेरचं काही न दिसता त्यांना फिरणं कळत होतं, म्हणजे न्यूटनच्या बाजूचा भक्कम पुरावा त्यांच्या स्वतःच्या कानात होता. तरी ते भुलले नाहीत. जाणीव खरी असते, पण ती कशाची जाणीव आहे हे ती स्वतः सांगत नाही. चक्करीचे रुग्ण तपासणाऱ्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

हे पुस्तक झुरिकच्या एका विद्यार्थ्याला त्याच्या मित्राने वाचायला सुचवलं. विद्यार्थ्याचं नाव अल्बर्ट आइनस्टाइन. कोणतीही संदर्भचौकट जन्माने श्रेष्ठ नाही हे धाडस आपल्याला माख यांच्यामुळे आलं, असं त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केलं. एखाद्या वस्तूचं जडत्व विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंमुळे ठरतं, या कल्पनेला ‘माख तत्त्व’ हे नाव आइनस्टाइन यांनीच १९१८ मध्ये दिलं. ते तत्त्व व्यापक सापेक्षतावादात पुरतं बसतं का, यावर भौतिकशास्त्रज्ञ आजही भांडतात. तो माझा प्रांत नाही.

बंदुकीच्या गोळीची गोष्ट मात्र माझ्या प्रांतातली आहे. १८७०-७१ च्या युद्धात फ्रेंच गोळ्यांनी झालेल्या जखमा इतक्या मोठ्या आणि खड्ड्यासारख्या होत्या की, फ्रान्स स्फोटक गोळ्या वापरतो असा आरोप झाला. बेल्जियमच्या एका शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की, गोळी आपल्यापुढे दाबलेली हवा ढकलत नेते आणि तीच हवा मांस फाडते. माख यांना हे तपासून पाहावंसं वाटलं. साल्खर नावाच्या सहकाऱ्याच्या मदतीने त्यांनी १८८० च्या दशकाच्या मध्यात, उडत्या गोळीचं आणि तिच्यापुढच्या हवेच्या लाटेचं छायाचित्र मिळवलं. होडीपुढे पाणी फाकतं तशी ती लाट दिसते. विमानांच्या वेगाला त्यांचं नाव मिळालं ते यामुळे. आणि दैवाचा खेळ असा की, ढगात शिरलेल्या वैमानिकाचा घात करते ती माख यांची दुसरी गोष्ट. विमान हळूहळू वळत असतं, कानातला द्रव स्थिरावलेला असतो, आणि वैमानिकाचं सारं अंग त्याला सांगत असतं की आपण सरळ चाललो आहोत. म्हणून त्याला अंगावर नव्हे, काट्यांवर विश्वास ठेवायला शिकवतात.

संवेदनांवरच्या १८८६ च्या पुस्तकात माख यांनी एक विचित्र चित्र छापलं. ते आरामखुर्चीवर पाय पसरून पहुडले आहेत, उजवा डोळा मिटलेला, आणि डाव्या डोळ्याला जे दिसतं तेवढंच रेखाटलं आहे. वरती भुवईची कड, बाजूला नाक, खाली मिशी, मग कोट, हात, पाय, खिडकी. डोकं नाही. आपलं डोकं सोडून आपल्याला सगळं दिसतं! याच पुस्तकात त्यांनी स्वतःची फजितीही सांगून टाकली आहे. रात्रभराच्या रेल्वेप्रवासाने शिणून ते एका बसमध्ये चढत होते, तेव्हा समोरून दुसरा एक माणूस चढताना दिसला. कोण हा गबाळा मास्तर, असं त्यांच्या मनात आलं. समोर आरसा होता.

ते सगळीकडे बरोबर होते असं नाही. जे इंद्रियांना कळत नाही ते शास्त्रात नको, या आग्रहापायी त्यांनी अणूंचं अस्तित्व मानलं नाही. बोल्ट्झमान यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञ समोर असूनही ते हटले नाहीत. निरपेक्ष अवकाश नाकारायला जी जिद्द कामी आली, तिनेच अणूंच्या बाबतीत त्यांना चुकवलं. आमच्याही पेशात असे ज्येष्ठ असतात. त्यांचं निदान नव्याण्णव वेळा बरोबर येतं आणि शंभराव्या वेळी तोच आत्मविश्वास आड येतो.

१८९४ मध्ये त्यांच्या हाइन्रिख या मुलाने, नुकतीच डॉक्टरेट मिळाली असताना, आपलं जीवन संपवलं. पुढच्या वर्षी प्राग सोडून ते व्हिएन्नाला परतले. तिथे त्यांच्यासाठी विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान या विषयाचं खास अध्यासन निर्माण झालं होतं. तीन वर्षंही ते धड लाभलं नाही.

१८९८ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा रेल्वेगाडीत होते. वय साठ. अचानक त्यांच्या लक्षात आलं की, आपला उजवा हात आणि पाय हलत नाहीत. दुखत नव्हतं, बाकी काही बिघडल्यासारखं वाटत नव्हतं. थोड्या वेळाने हात-पाय पुन्हा हलू लागले, अगदी नेहमीसारखे. मग पुन्हा गेले, पुन्हा आले. काही तासांनी ते गेले ते कायमचे, आणि चेहऱ्याची उजवी बाजूही ओढली गेली. बोलणं हळू आणि कष्टाचं झालं. हे सगळं आपल्याला माहीत आहे, कारण माख यांनी ते त्याच पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत प्रयोगाच्या नोंदीसारखं लिहून ठेवलं. लुळ्या हातापायांची संवेदना शाबूत होती, कोणी ते हलवले तर त्यांना कळत होतं. हात उचलायचा असं त्यांनी ठरवलं तर कसलाही जोर लावल्यासारखं वाटत नव्हतं. इच्छा जणू हातापर्यंत पोहोचतच नव्हती. पुढे थोडी ताकद परत आली तेव्हा मात्र हात-पाय मोठं ओझं होऊन बसले आणि ते उचलायला विलक्षण कष्ट पडू लागले. आपण जोर लावतो ही जाणीव मेंदूतून निघणाऱ्या हुकुमाची, की स्नायूंकडून परत येणाऱ्या निरोपाची, यावर त्या काळी मोठा वाद होता. अमेरिकेचे विल्यम जेम्स, जे प्रागला येऊन माख यांना भेटले होते, दुसऱ्या मताचे. माख यांनी आपला लुळा हात जेम्स यांच्या बाजूचा पुरावा म्हणून मांडला.

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचं स्कॅनशिवाय निदान करणं हा हौशी उद्योग आहे, तरी माझ्यातल्या फिजिशियनला राहवत नाही. चेहरा, हात, पाय तिन्ही लुळे, संवेदना शाबूत, भाषा शाबूत, आणि येत-जात राहिलेला झटका. मेंदूच्या आत खोलवर, हालचालीच्या सगळ्या तारा जिथे एका अरुंद वाटेने खाली उतरतात, तिथली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली असावी. तिथे कायमची बंद होण्याआधी ती अशी चालू-बंद होते. तेव्हा कोणाच्याच हातात काही नव्हतं. आज आहे, आणि तरीही माझ्याकडे येणारा रुग्ण पुष्कळदा दुसऱ्या दिवशी येतो. सकाळी हात लुळा पडला होता, मग अर्ध्या तासात सुधारला, म्हणून थांबलो, असं नातेवाईक सांगतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. लक्षण येऊन गेलं, म्हणजे धोका टळला असं नसतं. चक्करीचंही तेच. कूस बदलल्यावर मिनिटभर घर फिरलं, तर बहुधा कानातले खडे. पण चक्करीबरोबर एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं किंवा उभंच राहता येईना, तर ओपीडीची वाट पाहू नका, थेट तातडीच्या विभागात या.

माख वाचले, पण उजवी बाजू गेली ती गेली. १९०१ मध्ये ते प्राध्यापकीतून निवृत्त झाले. सम्राटाने देऊ केलेली सरदारकी त्यांनी नाकारली, वरिष्ठ सभागृहाचं सदस्यत्व मात्र घेतलं. कोळसा खाणकामगारांचे कामाचे तास कमी करणाऱ्या विधेयकावर मतदान होतं, तेव्हा ते रुग्णवाहिकेतून सभागृहात गेले. टाइपरायटरवर डाव्या हाताने लिहायला शिकले आणि पुस्तकं पुरी करत राहिले. आइनस्टाइन त्यांना व्हिएन्नात भेटून गेले. १९१३ मध्ये थोरला मुलगा लुडविग त्यांना म्युनिकजवळच्या फाटरश्टेटन या गावी आपल्या घरी घेऊन गेला. लुडविग वैद्यकशास्त्र शिकलेला होता आणि वडिलांच्या छायाचित्रांच्या प्रयोगांत वर्षानुवर्षं मदतीला होता. निघताना माख यांनी व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीला पत्र पाठवलं. त्यानंतर आपलं काही पत्र आलं नाही, तर पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याने आपल्याला टपालखातं नसलेल्या मुक्कामी पळवून नेलं असं समजावं, अशा अर्थाची थट्टा त्यात होती.

१९ फेब्रुवारी १९१६ रोजी, अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ते गेले. त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला आइनस्टाइन यांनी. पुढे १९२१ मध्ये माख यांचं प्रकाशशास्त्रावरचं पुस्तक निघालं, तर त्याच्या प्रस्तावनेत सापेक्षतावाद आपल्याला मान्य नसल्याचं लिहिलेलं आढळलं. ती प्रस्तावना माख यांनीच लिहिली, की लुडविगने त्यांच्या नावावर खपवली, याचा वाद अभ्यासकांमध्ये अजून मिटलेला नाही.